काट्याच्या खोलीतला जावा आणि जळगावचा सर्व्हर: एका जिनिंगचं प्रकरण

दसरा झाला की खानदेशात कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाबाहेर रांगा लावतात. भरलेली गाडी तोलायची, कापूस खाली करायचा, रिकामी गाडी पुन्हा तोलायची आणि मधल्या फरकावर शेतकऱ्याची पट्टी बनवायची. सगळे पैसे वजनाच्या त्या एका आकड्यावर फिरतात, त्यामुळे अख्ख्या जिनिंगमध्ये काट्याच्या खोलीकडे सगळ्यात जास्त संशयाने पाहिलं जातं. या प्रकरणातल्या फर्मचा कारखाना जळगावजवळ आहे. खरेदीकेंद्रं धरणगाव, अमळनेर, शिरपूर आणि शहाद्याला. फर्मच्या नावाचं इथे काही काम नाही.

काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणारी पेटी, सीरियल केबलने संगणकाला जोडलेला असतो. वजन हाताने टाइप व्हायला नको, केबलवरूनच यायला हवं, ही शेठची पहिल्यापासूनची अट. म्हणून इथे ब्राउझरवर भागलं नाही. जावा स्विंगमध्ये डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनलं आणि ते जळगावच्या वाइल्डफ्लाय सर्व्हरवरच्या ईजेबी, म्हणजे तिथे चालणारे जावाचे कामकरी तुकडे, लांबून बोलावतं. वाइल्डफ्लाय म्हणजे पूर्वीचा जेबॉस ॲप्लिकेशन सर्व्हर. २०१४ साली आठव्या आवृत्तीपासून त्याला हे नाव मिळालं.

प्रकरण सुरू झालं एका पट्टीवरून. हिशेब तपासताना लेखापरीक्षकाने ती बाजूला काढली, कारण तिची नोंद रात्री उशिराची होती आणि त्या वेळी केंद्राला कुलूप होतं. नोंद कोणी केली, असं विचारल्यावर सर्व्हरच्या लॉगने उत्तर दिलं: ‘काटा’. चारही केंद्रांवर आणि कारखान्यात वापरकर्ता एकच होता, त्याचं नाव ‘काटा’, आणि त्याचा पासवर्ड जार फाइलच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याच्या, आत लिहिलेला. चौकशीत ती पट्टी खरी निघाली. दिवसभर नेट बंद होतं, पावत्या हाताने फाडल्या होत्या, आणि केंद्रावरच्या दिवाणजींनी रात्री घरी बसून स्वतःच्या लॅपटॉपवर त्या भरल्या होत्या. प्रामाणिकपणेच भरल्या होत्या. पण सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घरी नेलं की घरूनही पट्टी बनते, हे शेठना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि आम्हाला बोलावणं आलं.

आधीची मांडणी

सॉफ्टवेअर बनलं तेव्हा सगळा कारभार एकाच आवारात होता. वाइल्डफ्लाय १०, पोर्ट ८०८०, आणि क्लायंट, म्हणजे काट्यावरचं सॉफ्टवेअर, साध्या एचटीटीपी-रिमोटिंगने (सांकेतिक नसलेल्या जोडणीने) जोडलेला. आतल्या नेटवर्कपुरतं ते चालून जाणारं होतं. केंद्रं वाढली तेव्हा कोणीतरी राउटरवर ८०८० बाहेरच्यांसाठी उघडलं आणि क्लायंटमध्ये स्थिर आयपी टाकला. बाकी काहीच बदललं नाही. आवारापुरती बनवलेली जोडणी शहाद्यापर्यंत ताणली गेली, आणि ती चालली म्हणून कोणी पुन्हा पाहिली नाही.

त्या तारेवरून काय जात होतं? पासवर्ड उघडा जात नव्हता, कारण वाइल्डफ्लाय त्या काळात एसएएसएल या ओळख पटवण्याच्या चौकटीतली डायजेस्ट-एमडी५ पद्धत वापरायचा. सर्व्हर एक आव्हान पाठवतो, क्लायंट पासवर्ड मिसळून त्याचा हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा, परत करतो. मात्र त्यानंतरचं सगळं उघडं: शेतकऱ्याचं नाव, गाडी नंबर, वजन, दर, बँक खातं. शिवाय २०११ मध्येच आरएफसी ६३३१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने डायजेस्ट-एमडी५ ला इतिहासजमा ठरवलेलं आहे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. या पद्धतीत सर्व्हरच्या फाइलमध्ये नाव, रिअल्म (वापरकर्त्यांच्या गटाचं नाव) आणि पासवर्ड यांचा मिळून एक एमडी५ हॅश ठेवलेला असतो. ती फाइल ज्याच्या हाती लागली त्याला मूळ पासवर्ड शोधायची गरजच नाही. हॅशवरूनच तो आव्हानाचं उत्तर बनवू शकतो.

पट्टीची पीडीएफ उतरवायला मात्र एचटीटीपीएस होतं, आणि तिथे कुलूप दिसत असल्यामुळे फर्ममध्ये सगळे निर्धास्त होते. कोड उघडला तर त्यात एक रिकामा ट्रस्ट मॅनेजर निघाला: सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याची सही असलेली ओळख, तपासणारी मेथड आहे, पण तिच्या आत एक ओळही नाही. समोर कोणतंही प्रमाणपत्र येवो, ते मान्य. स्वतः बनवलेल्या प्रमाणपत्रावर जावाने ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ (सहीचा माग लागत नाही) अशी तक्रार केली की हा तुकडा चिकटवायचा, ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. माहिती सांकेतिक होऊन जाते खरी, पण ती कोणाकडे जाते हे कोणीच पाहत नाही. मध्ये बसून स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करणाऱ्याला असा क्लायंट आनंदाने सगळं सांगतो. माझ्या मते हे उघड्या एचटीटीपीपेक्षा वाईट, कारण उघडं निदान उघडं दिसतं.

आणि मग ती चाचणी. आधीच्या प्रोग्रामरने लॉगिन तपासल्याची नोंद वहीत होती: ‘चालतं’. आम्ही सर्व्हरवरच क्लायंट उघडला, मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला, तरी जोडणी झाली. तोच क्लायंट, तोच चुकीचा पासवर्ड, शेजारच्या टेबलावरच्या संगणकावरून: नकार. याचं कारण जेबॉस-लोकल-युजर नावाची पद्धत. क्लायंट आणि सर्व्हर एकाच यंत्रावर असतील तर सर्व्हर आपल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये एक फाइल लिहितो. ती वाचून दाखवता आली म्हणजे माणूस याच यंत्रावरचा आहे असं मानतो आणि पासवर्ड विचारतच नाही. व्यवस्थापनाच्या कामासाठी सोय चांगली आहे. पण ॲप्लिकेशनच्या रिअल्ममध्येही ती मुळातच चालू असते, आणि जुन्या मांडणीत ती कोणत्याही नावाला परवानगी देणारी होती. म्हणजे सर्व्हरवर बसून केलेली लॉगिनची चाचणी लॉगिन तपासतच नव्हती.

यावरून आम्ही एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला: काट्याच्या खोलीतून झालेली चाचणीच खरी धरायची. सर्व्हरवर, कार्यालयातल्या लॅपटॉपवर किंवा आमच्या घरून चाललेलं काहीही धरायचं नाही. पुढे ज्या अडचणी आल्या त्यांपैकी जवळजवळ सगळ्या जळगावच्या कार्यालयात दिसल्याच नसत्या.

काय ठरवलं

शेठना हवं होतं ‘सिक्युरिटी टाका’. त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले होते, आणि त्यांचा गुंता सोडवण्यातच पहिल्या बैठका गेल्या. काटा ज्याच्याशी बोलतोय तो खरंच आपला सर्व्हर आहे का? बोलणारं यंत्र खरंच आपल्या काट्यावरचं आहे का? आणि त्या यंत्रासमोर कोण बसलंय? पहिल्याचं उत्तर सर्व्हरच्या प्रमाणपत्रात, दुसऱ्याचं यंत्राच्या प्रमाणपत्रात, तिसऱ्याचं माणसाच्या नाव-पासवर्डात. लेखापरीक्षकाचा प्रश्न तिसरा होता. लॅपटॉपमुळे उठला तो दुसरा. पहिला कोणी विचारलाच नव्हता, पण त्याच्याशिवाय उरलेल्या दोघांना अर्थ नाही. चुकीच्या सर्व्हरला बरोबर पासवर्ड देऊन काय मिळवायचं?

सर्व्हरसाठी वाइल्डफ्लाय २६ घेतला. कारण सरळ होतं. एलिट्रॉन ही नवी सुरक्षा-व्यवस्था २०१७ मध्ये अकराव्या आवृत्तीत आली आणि जुनी रिअल्मची व्यवस्था पंचविसाव्या आवृत्तीत काढून टाकली गेली. सत्ताविसाव्यापासून कोडमधली जावाएक्स नावाची पॅकेजं जाऊन जकार्ता नावाची आली, शिवाय जावा ११ लागतो. केंद्रांवर जावा ८ होता, सीरियल पोर्टची लायब्ररी ३२ बिटांची होती, आणि हंगामाच्या तोंडावर वजन उचलणाऱ्या कोडला हात लावायला कोणी तयार नव्हतं. मीही नव्हतो.

प्रमाणपत्रं कोणाची घ्यायची यावर जास्त वेळ गेला. काट्यावर वैधमापन खात्याचं सील असतं. शेतकरी काटा उघडून पाहत नाही, सील पाहतो, आणि सील मारणारं खातं कोणतं हे त्याला आधीच माहीत असतं. ट्रस्टस्टोअर म्हणजे ही आधीची माहिती: कोणाची सही मानायची त्यांची यादी. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि त्याचं नूतनीकरण आपोआप करता येतं, म्हणून आधी त्याचा विचार झाला. पण त्याचं मूळ प्रमाणपत्र, आयएसआरजी रूट एक्स१, जावा ८ च्या यादीत १४१व्या अपडेटला आलं, आणि दोन केंद्रांवरचा जावा त्याहून जुना होता. पूर्वी असे जुने जावा ज्या डीएसटी रूट एक्स३ च्या आधाराने चालून जायचे, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपलेली. शिवाय आम्हाला काट्यावरच्या यंत्रांनाही प्रमाणपत्रं द्यायची होती, आणि बाहेरच्या कोणी ‘शहादा काटा’ म्हणून सही करून देण्याचा प्रश्न नव्हता.

म्हणून फर्मचीच एक छोटी प्रमाणन-यंत्रणा उभी केली. जावासोबत येणाऱ्या कीटूलने मूळ किल्ली बनते, तिच्याने इतर प्रमाणपत्रांवर सही करता येते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. मूळ किल्ली नेटवर्कवर कुठेच ठेवली नाही. ती दोन पेनड्राइव्हवर आहे; एक शेठच्या तिजोरीत, दुसरा घरच्या कपाटात. पासवर्ड दिवाणजींकडे, पेनड्राइव्ह शेठकडे.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती बहुतेक ठिकाणी सुटते. सर्व्हर आणि काटे, दोघांच्या प्रमाणपत्रांवर सही एकाच मुळाची. मग शिरपूरच्या काट्यावरची किल्ली कोणी चोरली, तर तीच पुढे करून तो सर्व्हर असल्याचं सोंग का आणू शकणार नाही? सही तर खरीच आहे. अडवणाऱ्या गोष्टी दोन. एक, प्रमाणपत्रावर वापराचा हेतू लिहिता येतो. काट्यांच्या प्रमाणपत्रांवर फक्त क्लायंटचा हेतू टाकला, आणि तो लिहिलेला असेल तर जावा असं प्रमाणपत्र सर्व्हरचं म्हणून स्वीकारत नाही. दुसरी, नावाची तपासणी: ज्या नावाने जोडणी मागितली तेच नाव प्रमाणपत्रात आहे का. जावामधल्या एचटीटीपीएसच्या जोडणीत ही तपासणी आपोआप होते. नुसत्या एसएसएल सॉकेटला, म्हणजे एचटीटीपीएसच्या खालच्या सांकेतिक जोडणीला, मात्र ती स्पष्ट सांगावी लागते, नाहीतर सही बरोबर दिसली की तो खूश. म्हणून कोणता थर काय तपासतो यावर वाद घालण्यापेक्षा एक खोटा सर्व्हर उभा केला, त्याला आधी काट्याचं प्रमाणपत्र लावलं, मग चुकीच्या नावाचं, आणि क्लायंटने दोन्हींना नाही म्हणेपर्यंत पुढचं काम घेतलं नाही.

माणसांच्या लॉगिनसाठी एसएएसएलची प्लेन पद्धत ठेवली. हे ऐकून फर्मचा हार्डवेअर बघणारा मुलगा चमकला: डायजेस्ट काढून उघडा पासवर्ड पाठवायचा? पण प्लेन आता टीएलएसच्या, म्हणजे एसएसएलच्या नव्या रूपाच्या, आतून जातो, आणि मोठा फायदा सर्व्हरच्या बाजूला आहे. डायजेस्टसाठी सर्व्हरवर पासवर्डच्या तोडीचं काहीतरी ठेवावंच लागतं. प्लेन असेल तर डेटाबेसमध्ये बीक्रिप्टचा हॅश पुरतो. तो चोरीला गेला तरी त्यावरून थेट लॉगिन होत नाही. अट एकच: प्लेन टीएलएसच्या बाहेर कधीही जाता कामा नये. म्हणून रिमोटिंगचा कनेक्टर एचटीटीपीएसच्या लिसनरला बांधला, राउटरवरचं ८०८० बंद केलं आणि फक्त ८४४३ उघडं ठेवलं. व्यवस्थापनाचं ९९९० पोर्ट मुळातच फक्त त्याच यंत्रावर ऐकतं. ते तसंच राहू दिलं. पद्धतींच्या यादीतून डायजेस्ट आणि जेबॉस-लोकल-युजर दोन्ही काढले, आणि क्लायंटच्या बाजूच्या वाइल्डफ्लाय-कॉन्फिग फाइलमध्येही फक्त प्लेन लिहिलं.

सर्व्हरच्या एसएसएल संदर्भात क्लायंटचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. एलिट्रॉनमध्ये ‘असेल तर दे’ आणि ‘असलंच पाहिजे’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिला निवडला तर दिवाणजींचा लॅपटॉप प्रमाणपत्राशिवायही आत येतो.

एक छोटी ठेच इथेच लागली. जोडणी होत होती, नाव-पासवर्ड पटत होता, पण ईजेबी नकार देत होती. नवं सिक्युरिटी डोमेन (वापरकर्ते तपासायची मांडणी) रिमोटिंगला सांगितलं होतं, ईजेबीच्या उपप्रणालीला सांगायचं राहिलं होतं. ती अजून जुन्याच डोमेनकडे पाहत होती. एका ओळीचं काम, पण लॉगमध्ये दिसतं ते ‘परवानगी नाही’ एवढंच, आणि माणूस भूमिकांच्या तक्त्यात चुका शोधत बसतो.

केंद्रांवर काय झालं

धरणगाव आणि अमळनेर बिनबोभाट झाले. अडलं जळगावातच, कारखान्याच्या आवारातल्या काट्यावर. प्रमाणपत्रात सर्व्हरचं डोमेन-नाव होतं, म्हणून सगळ्या क्लायंटमध्ये आयपीऐवजी तेच टाकलं. बाहेरच्या केंद्रांना ते नाव राउटरच्या बाहेरच्या पत्त्यावर नेतं, ते ठीक. पण कारखान्यातला काटा त्याच राउटरच्या आत आहे, आणि त्या राउटरला आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येता येत नव्हतं. आयपी टाकला तर जोडणी व्हायची, पण प्रमाणपत्रात आयपी नसल्यामुळे जावा ‘नो सब्जेक्ट आल्टरनेटिव्ह नेम्स’ म्हणून थांबायचा. प्रमाणपत्रात आतला आयपी घालणं हा एक मार्ग होता. पण उद्या राउटर बदलला की आयपी बदलणार. म्हणून त्या एका संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये ते नाव आणि आतला पत्ता लिहिला. नाव तेच, वाट वेगळी.

शिरपूरला पहिल्या दिवशी सगळं चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: “भाऊ, जोडतच नाही.” रात्री वीज गेली होती. फोनवर काही कळेना, म्हणून क्लायंट सुरू करणाऱ्या बॅच फाइलमध्ये जावाचा एसएसएल डीबगचा पर्याय घालायला सांगितला आणि आलेल्या मजकुराचा फोटो मागवला. त्यात कारण स्वच्छ होतं: प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख कितीतरी वर्षं मागची. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी मेलेली, वीज गेली की घड्याळ मागे जायचं. हे केव्हापासून होत होतं कोणास ठाऊक. पट्टीवरची तारीख सर्व्हरवरून यायची, त्यामुळे कोणाला त्याची गरजच पडली नव्हती. प्रमाणपत्राला मात्र ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ दोन्ही असतात आणि क्लायंट ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. सगळ्या केंद्रांवर नव्या बॅटऱ्या बसवल्या आणि विंडोजची वेळ नेटवरून जुळवायला लावली. भारनियमनाच्या भागात टीएलएस बसवणाऱ्याने खिशात सीआर २०३२ ठेवावी, हे कोणत्याही मार्गदर्शिकेत लिहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात दुसरीकडून तक्रार आली. वजन झालं की सर्व्हर शेतकऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस पाठवतो. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याने काट्यावर येऊन विचारलं, “भाऊ, मेसेज नही उना.” मग आणखी दोघांनी. एसएमएस पाठवणाऱ्या सेवेशी सर्व्हरचं बोलणं एचटीटीपीएसने होतं, आणि ते आमचं काम सुरू झाल्यापासून बंद पडलं होतं. कोडमध्ये ती चूक गिळून टाकलेली, त्यामुळे लॉगमध्ये काही नाही.

कारण सर्व्हरच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये सापडलं. कोणीतरी चाचणीच्या वेळी तिथे ट्रस्टस्टोअरची जेव्हीएम-भर (तिथल्या जावाच्या सगळ्या कामाला) लागू होणारी सेटिंग घातली होती आणि ती आमच्या नव्या फाइलकडे वळवली गेली. इथे बहुतेकांचा समज असा असतो की ही सेटिंग जावाच्या यादीत आपली भर घालते. ती भर घालत नाही. जावाची मूळ केसर्ट्स यादी बाजूला सारून आपलीच ठेवते. जगभरच्या प्रमाणन-संस्थांची नावं त्या क्षणी सर्व्हरसाठी पुसली गेली आणि एसएमएस सेवेचं रीतसर प्रमाणपत्रही अनोळखी ठरलं. सेटिंग काढली. काट्यांची प्रमाणपत्रं तपासायला लागणारी यादी एलिट्रॉनच्या ट्रस्ट मॅनेजरमध्ये वेगळी दिलेली होतीच. जेव्हीएमला ती सांगायचं कारण नव्हतं. क्लायंटच्या बाजूलाही तेच केलं: आपलं मूळ प्रमाणपत्र फक्त आपल्या सर्व्हरच्या नावापुरतं लागू, बाकी जगासाठी जावाची नेहमीची यादी. काहींनी सुचवलं होतं की आपलं मूळ थेट केसर्ट्समध्येच घालू. पण जावा अपडेट झाला की नव्या आवृत्तीची यादी तिच्या जागी येते आणि आपलं प्रमाणपत्र गायब होतं. आणि हे नेमकं कोणीतरी रविवारी ‘अपडेट करा’वर बोट दाबल्यावर कळतं.

शहाद्याला जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो, म्हणून ते शेवटी ठेवलं होतं. तोपर्यंत सगळे खड्डे भरून झाले होते, आणि तिथे काहीच घडलं नाही.

मुदत आणि आखाजी

कीटूलला मुदत सांगितली नाही तर तो प्रमाणपत्र ९० दिवसांचं बनवतो. सरावासाठी बनवलेल्या पहिल्या संचात ती सांगितलेली नव्हती. ऑगस्टच्या शेवटी बनलेलं ते प्रमाणपत्र नोव्हेंबरच्या शेवटी संपलं असतं. फाटकाबाहेर गाड्यांची रांग आणि आत एकही काटा बोलत नाही, असा तो दिवस उगवला असता. यादी पुन्हा वाचताना ते सापडलं म्हणून बरं.

त्यानंतर मुदतीचा हिशेब कॅलेंडरवरून न करता हंगामावरून केला. जिनिंग उन्हाळ्यात थंडावते. आखाजीच्या सुमाराला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, केंद्रं बंद असतात आणि दिवाणजी मोकळे असतात. मूळ प्रमाणपत्राला दहा वर्षं दिली. सर्व्हर आणि काट्यांच्या प्रमाणपत्रांना दोन वर्षं, पण बदलायची ती दरवर्षी आखाजीला. एखादं वर्ष हुकलं तरी पुढचा हंगाम पार पडतो. कमी मुदत जास्त सुरक्षित हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण जिथे नूतनीकरण हाताने होतं आणि करणारा माणूस वर्षातले सहा महिने कापसात बुडालेला असतो, तिथे ९० दिवसांचा आग्रह धरला तर लोक पुन्हा रिकाम्या ट्रस्ट मॅनेजरकडे वळतील.

माणसं

नाव-पासवर्ड प्रत्येकाला वेगळे दिले. भूमिका तीन: काटा, ग्रेडर, हिशेब. ग्रेडर ओलावा आणि प्रत भरतो, वजनाला हात लावू शकत नाही. काटेवाला वजन घेतो, दर बदलू शकत नाही. ईजेबीच्या प्रत्येक मेथडवर कोणती भूमिका चालते ते लिहिलं आणि नोंदीत बोलावणाऱ्याचं नाव सर्व्हर स्वतः टाकतो. क्लायंटने पाठवलेल्या नावावर आता काहीच अवलंबून नाही.

काट्यावरच्या मुलाचा पहिला प्रश्न रास्त होता: “पाळी बदलली की दरवेळी बंद करून नवं लॉगिन करू? बाहेर गाड्या उभ्या राहतात.” पहिल्या आठवड्यात सगळे सकाळच्या माणसाच्या लॉगिनवरच काम करत होते. यावर तंत्राचा फार उपयोग होत नाही. आम्ही एवढंच केलं की पडद्यावर आणि छापलेल्या पट्टीवर काटेवाल्याचं नाव मोठ्या अक्षरांत यायला लागलं. स्वतःच्या नावाने दुसऱ्याची पट्टी फाटलेली दिसली की माणूस आपोआप लॉगआउट करायला शिकतो. पासवर्ड चिकटवलेला कागद अजूनही एका केंद्रावर मॉनिटरच्या मागे आहे, हे मला माहीत आहे.

यंत्राच्या किल्लीबद्दलही खोटी खात्री देण्यात अर्थ नाही. काट्याचा कीस्टोअर (किल्ली ठेवायची फाइल) आणि तो उघडायचा पासवर्ड, दोन्ही त्याच डिस्कवर आहेत, कारण सॉफ्टवेअरला रोज सकाळी तो कोणाला न विचारता उघडावा लागतो. जो त्या डिस्कपर्यंत पोहोचला त्याला किल्ली मिळते. म्हणून यंत्राचं प्रमाणपत्र एकटं पुरेसं धरलेलं नाही. त्याच्या जोडीला माणसाचा पासवर्ड लागतोच, आणि हरवलेल्या यंत्राला बाद करण्याची सोय लागते.

ती सोय डिसेंबरात वापरावी लागली. अमळनेरला व्होल्टेज वाढून काट्याचा संगणक जळाला. जळगावहून दुसरा पाठवला. शेठकडून पेनड्राइव्ह आणि दिवाणजींकडून पासवर्ड घेऊन त्याला नवं प्रमाणपत्र दिलं, आणि संध्याकाळच्या गाड्या त्याच्यावर तोलल्या गेल्या. जुन्याचा अनुक्रमांक रद्द-यादीत घातला, ती यादी एलिट्रॉनच्या ट्रस्ट मॅनेजरला दिली आणि सर्व्हर बंद न करता पुन्हा वाचायला लावली. जळालेल्या संगणकाची डिस्क शाबूत होती. ती दुसऱ्या डब्यात बसवून अमळनेरहूनच जोडून पाहिली. सर्व्हरने हँडशेकमध्येच, म्हणजे जोडणीच्या पहिल्या ओळखीतच, परत पाठवलं, पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं: रद्द-यादीलाही स्वतःची मुदत असते, कीटूलने बनवलेली तर न सांगता ९० दिवसांचीच, आणि ती संपली की ट्रस्ट मॅनेजर चांगली प्रमाणपत्रंही नाकारू शकतो. म्हणून रद्द-यादीची मुदतही दोन वर्षांची ठेवली आणि तिचं नाव आखाजीच्या यादीत लिहून टाकलं.